गाडीचा एअर फिल्टर आणि हवेचा रस्ता बदलावा का? मराठवाड्यातल्या गाडीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

माझं गॅरेज परभणी–जिंतूर रस्त्याला आहे. बोनेट उघडून "दादा, याला तो ओपन फिल्टर बसवून द्या ना" म्हणणारं पोरगं आठवड्याला एक तरी येतंच. ओपन फिल्टर म्हणजे कंपनीचा डबा काढून उघडाच बसवलेला शंकूच्या आकाराचा फिल्टर, त्यालाच कोन फिल्टर म्हणतात. त्याच्या हौसेवर पाणी टाकायला मला आवडत नाही. पण पैसे घेऊन त्याच्या इंजिनाचं वाटोळं करायलाही हात धजत नाही. दरवेळी तेच तोंडी सांगण्यापेक्षा सगळे प्रश्न एकदा लिहून काढले आहेत.

हवेचा रस्ता म्हणजे नेमकं काय काय?

ग्रिलच्या मागे किंवा हेडलाईटच्या बाजूला एक चपटं प्लॅस्टिकचं तोंड असतं. तिथून हवा आत येते, फिल्टरच्या डब्यात जाते, कागदी फिल्टरमधून गाळून निघते, मग रबरी पाईपातून थ्रॉटल बॉडीत (पेडल दाबलं की उघडणारी पाकळी असते तिथे) आणि पुढे मॅनिफोल्डमधून, म्हणजे हवा वाटून देणाऱ्या पाईपांमधून, सिलिंडरमध्ये पोचते. वाटेत कुठेतरी हवा मोजणारा किंवा तिचं तापमान आणि दाब बघणारा सेन्सर बसवलेला असतो. इंजिनाचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, त्यावरून पेट्रोल किती सोडायचं ते ठरवतो.

पेट्रोल नीट जळायला १ किलो पेट्रोलमागे १४.७ किलो हवा लागते. लिटरच्या हिशेबात सांगायचं तर १ लिटर पेट्रोल जाळायला सुमारे १० हजार लिटर हवा. घराच्या गच्चीवर हजार लिटरची टाकी असते ना, तशा दहा टाक्या भरून हवा एका लिटरमागे इंजिनात जाते. ती हवा आपल्या रस्त्यावरची असते, आपल्या धुळीसकट. पुढच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं याच हिशेबातून निघतात.

कोन फिल्टर लावला की ताकद वाढते का?

साध्या, टर्बो (हवा दाबून इंजिनात ढकलणारा पंखा) नसलेल्या गाडीत जवळजवळ नाही. १२०० सीसीचं इंजिन ६००० आरपीएमला पूर्ण रेस दिल्यावर सेकंदाला जास्तीत जास्त ६० लिटर हवा ओढतं. कंपनीचा डबा आणि स्वच्छ कागदी फिल्टर एवढी हवा सहज देतात, कारण घड्या घातलेला तो कागद उलगडला तर चांगला चटईएवढा भरतो. अडथळा काढल्यावर फायदा व्हायला आधी अडथळा असावा लागतो. नव्या फिल्टरमध्ये तो फारच थोडा असतो. म्हणून वाढलीच तर एखाद-दोन हॉर्सपॉवर, आणि तीही इंजिन अगदी वरच्या आरपीएमला असताना. गंगाखेड किंवा पाथरीला जाताना तुम्ही गाडी ६००० वर किती वेळ चालवता, ते तुम्हीच सांगा.

फिल्टर मातीने गच्च भरलेला असेल तर गोष्ट वेगळी. तो काढून नवा कोन लावल्यावर गाडी पळू लागते, आणि माणूस श्रेय कोनला देतो. काही शे रुपयांचा नवा कागदी फिल्टर टाकला असता तरी ती तशीच पळाली असती.

पण लावल्यावर गाडी हलकी वाटते, ते मनाचे खेळ आहेत का?

कान फसवतात. कंपनीच्या डब्याला आणि पाईपाला रेझोनेटर नावाचे बंद कप्पे असतात. हवा ओढण्याचा घर्र आवाज ते मारतात. डबा काढला की तो आवाज थेट केबिनमध्ये येतो आणि आपल्याला वाटतं गाडी जोर धरतेय. मी एकदा एका गिऱ्हाइकाला शेजारी बसवलं आणि मोकळ्या रस्त्यावर ४० ते ८० स्पीडला मोबाईलच्या घड्याळावर वेळ घेतला. तीनदा कोन लावून, तीनदा कंपनीचा डबा परत बसवून. फरक बोटावर मोजण्याइतकाही निघाला नाही. त्याने मात्र मान्य केलं की आवाज त्याला आवडला होता. आवाज आवडणं हा गुन्हा नाही, पण पैसे आवाजाचे देतोय हे माहीत असावं.

अ‍ॅव्हरेज तरी वाढतं का?

नाही. पेट्रोल गाडीत हवा किती जाणार हे थ्रॉटलची पाकळी ठरवते. साध्या चालवण्यात ती पाकळीच बरीचशी मिटलेली असते, म्हणजे खरा अडथळा तिथे असतो. फिल्टर थोडा मोकळा झाला तर पाय पेडलवर तेवढाच कमी दाबला जातो, पेट्रोल तेवढंच लागतं. उलट नव्या आवाजाच्या नादात पाय जरा जास्तच दाबला जातो आणि अ‍ॅव्हरेज उतरतं.

आपल्याकडे मे महिन्यात ४४ अंश असतात. गार हवा देणारा इनटेक लावला तर फायदा होईल ना?

प्रश्न चांगला आहे. गार हवा खरंच महत्त्वाची. हवा तापली की पसरते, तेवढ्याच जागेत ऑक्सिजन कमी मावतो. डिसेंबरच्या पहाटे परभणीत १२ अंश असतात आणि मेच्या दुपारी ४३. या दोन हवांच्या घनतेत जवळपास १० टक्क्यांचा फरक पडतो. थंडीत सकाळी गाडी "आज मस्त पळतेय" असं वाटतं ते खरंच असतं. छत्रपती संभाजीनगरसारख्या साडेपाचशे मीटरहून उंच गावात हवेचा दाबही समुद्रकाठापेक्षा सुमारे ६ टक्के कमी असतो. म्हणजे आपल्या भागातल्या इंजिनाला उन्हाळ्यात मुळातच हवा विरळ मिळते.

आता बाजारात काय विकलं जातं ते बघा. बहुतेक वेळा मिळतो तो शॉर्ट रॅम, म्हणजे छोटा पाईप आणि टोकाला उघडा कोन, थेट बोनेटच्या आत. बोनेटखाली सिग्नलला उभं राहिल्यावर ६०-६५ अंश सहज होतात. बाहेर ४० आणि कोनच्या तोंडाशी ६५ असेल तर ऑक्सिजन सुमारे ७ टक्के घटतो. एखाद-दोन हॉर्सपॉवर कमवायला गेलो आणि पाच गमावून बसलो. त्यात गरम हवेने पेट्रोल इंजिन नॉकिंगकडे, म्हणजे पेट्रोल आपोआप भडकून होणाऱ्या ठकठकीकडे, झुकतं. ते टाळायला ईसीयू प्लगच्या ठिणगीचं टायमिंग मागे ओढतो, आणि गाडी आणखी सुस्त होते. उन्हाळ्यात जालना नाक्यावर सिग्नल सुटल्यावर गाडी ओढत नाही अशी तक्रार घेऊन आलेल्या दोन गाड्यांना हाच उघडा कोन होता.

कंपनीचं ते चपटं तोंड ग्रिलजवळ बाहेरची हवा घेतं. म्हणजे कोल्ड एअर इनटेक तुमच्या गाडीत आधीच बसवलेला आहे, तोही गाडीच्या किमतीतच. ते तोंड जागेवर आहे का, अपघातानंतर बंपर बदलताना कुणी पाईप अर्धा सोडून दिलाय का, एवढं बघा. हे मला बरेचदा सापडतं.

आणखी एक गैरसमज, पुढून वारा जोरात आत घुसतो हा. समृद्धी महामार्गावर १०० च्या स्पीडलासुद्धा समोरच्या वाऱ्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या अर्धा टक्काही भरत नाही.

धुळीचं काय? सगळे तर लावतात.

यावर मी सविस्तर लिहिणार, कारण ही चूक माझ्याच हातून झाली आहे.

२०१४ साली माझ्या स्वतःच्या हॅचबॅकला मी एका शहरातल्या दुकानातून कोन फिल्टर आणला. जाळीदार, चकचकीत, बोनेट उघडलं की मित्र बघत राहायचे. तेव्हा आमच्या गावाकडच्या रस्त्याचं काम चालू होतं. मुरूम टाकलेला, पुढे टिपर, मागे आपण, आणि मधे फुफाटा. दीड वर्षात गाडी ऑइल खाऊ लागली, सकाळी चालू करताना निळा धूर. मी कोन काढला आणि पाईपात बोट फिरवलं. बोटाला करड्या पिठासारखा थर आला, फिल्टरच्या आतल्या बाजूने, जिथे धुळीचा एक कणही असायला नको. इंजिन उघडलं तर बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, नखाला लागतील अशा उभ्या चरा आणि पिस्टनच्या रिंगा झिजून धारदार झालेल्या. त्या वर्षी बापूंच्या सोयाबीनच्या पट्टीतून इंजिनाचं काम झालं. ते काही बोलले नाहीत, पण मला अजून ते लागतं.

हे कसं होतं? इंजिनाला सगळ्यात जास्त मारतात ते डोळ्याला धड न दिसणारे, साधारण ५ ते २० मायक्रॉनचे कण. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो. पिस्टन रिंग आणि बोअर यांच्यात ऑइलचा जो पातळ थर असतो, त्यात हे कण बरोबर अडकतात. वाळूतला गारेचा कण बिडापेक्षा कठीण, खडी क्रशरच्या भुकटीतले कणही तसेच. ते पॉलिश पेपरसारखं काम करतात. चांगला कागदी फिल्टर अशा धुळीतला ९९ टक्क्यांहून जास्त भाग अडवतो. ढिल्या जाळीचा स्वस्त कोन तसं करत नाही. ९९ आणि ९६ ऐकायला जवळचे वाटतात, पण आत जाणारी धूळ १ वरून ४ वर गेली, म्हणजे चौपट झाली.

आपल्या भागात धूळ एका प्रकारची नाही. उन्हाळ्यात वखरणीनंतरची काळ्या मातीची भुकटी, रस्त्याच्या कामांचा मुरूम, सोयाबीन-तुरीच्या मळणीचा भुसा, जिनिंगजवळ कापसाचे तंतू, जालन्याच्या एमआयडीसीकडे लोखंडाचा कीस. पुण्या-मुंबईच्या डांबरी रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा अनुभव ऐकून इथे फिल्टर निवडू नका.

आपल्याच शेतातल्या ट्रॅक्टरकडे बघा. जुन्या ट्रॅक्टरला ऑइल-बाथ (ऑइलमध्ये धूळ अडकवणारा) फिल्टर असायचा, वर काचेच्या किंवा पारदर्शक भांड्याचा, मोठी माती आधीच अडवणारा प्रीक्लिनर, त्यात जमलेली माती दिसली की आजोबा झटकून टाकायचे. नव्या ट्रॅक्टरांना फिल्टरच्या आत दुसरा, सुरक्षेचा छोटा फिल्टर असतो. धुळीत काम करणारं इंजिन बनवणारे लोक हवेवर दोन-दोन पहारेकरी बसवतात. कारमध्ये आहे तो एक पहारेकरीही काढून टाकणं मला तरी पटत नाही.

धुता येणारा कापडी फिल्टर कंपनीच्याच डब्यात बसवला तर चालेल का?

हा त्यातल्या त्यात बरा मार्ग. डबा राहतो, गार हवा राहते. नावाजलेल्या कंपनीचा, तुमच्या मॉडेलचाच, कडेचं रबर घट्ट बसणारा घ्या. मात्र या कापडाला खास ऑइल लावावं लागतं, कारण त्या ऑइललाच धूळ चिकटते. कमी लावलं तर धूळ आत जाते. जास्त लावलं तर ऑइलचे थेंब पुढे जाऊन हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या बारीक तारेवर बसतात आणि तो चुकीचं माप सांगू लागतो. धुतल्यावर सावलीत पूर्ण वाळू द्यावा लागतो. जास्त उष्णतेने वाळवला तर कापड आखडतं, कंप्रेसरने वाळवला तर फाटतं. फिल्टर धुण्यासाठी एक अख्खा रविवार देण्याची तयारी असेल तर घ्या, नाहीतर कागदी बरा.

बदल केल्यापासून चेक इंजिनची लाईट लागते. का?

हवा मोजणारा सेन्सर ठरावीक जाडीच्या पाईपासाठी सेट केलेला असतो. पाईप जाड झाला की तेवढीच हवा सेन्सरजवळून हळू जाते, सेन्सरला वाटतं हवा कमी आली, पेट्रोल कमी सोडलं जातं. सायलेन्सरकडचा ऑक्सिजन सेन्सर ते ओळखतो आणि ईसीयू काही हद्दीपर्यंत पेट्रोल वाढवून सांभाळून घेतो. हद्द संपली की लाईट. स्कॅनरवर बहुधा पी ०१७१ दिसतो, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी. दुसरं कारण साधं आहे: क्लॅम्प ढिला, किंवा इंजिनाच्या ब्रीदरची (आतल्या वाफा बाहेर काढणारी) नळी जोडायची राहून गेलेली, आणि तिथून न मोजलेली आणि न गाळलेली हवा आत शिरते. आधी हे बघा, मग सेन्सर बदलायच्या गोष्टी.

डब्याच्या फटी बुजवायला साधं सिलिकॉन लावू नका. त्याच्या वाफा जळून ऑक्सिजन सेन्सरवर पांढरा थर बसतो आणि तो महागाचा सेन्सर मरतो.

माझी डिझेल गाडी आहे, टर्बोवाली. तिला फायदा होईल?

डिझेलला हवा भरपूर लागते हे खरं. फिल्टर तुंबला की काळा धूर आणि पिकअप गायब, हेही खरं. पण टर्बोचं चाक मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतं. त्याची नाजूक पाती आणि घर यांच्यात अगदी केसाएवढी फट असते. त्यावर रोज मुरूमाची भुकटी मारली की पात्यांच्या कडा झिजून करवतीसारख्या होतात. टर्बोचा खर्च ऐकला की बोलेरोवाले मामा तिथेच खाली बसतात. डिझेलला तर मी कोनचं नावही काढू देत नाही. ईसीयू रीमॅप करून, म्हणजे त्याचा प्रोग्रॅम बदलून, टर्बोचा दाब वाढवला असेल तर हवेचा रस्ता मोठा करण्याला अर्थ येतो, तेव्हाही बंद डबा आणि चांगला फिल्टर ठेवूनच.

फिल्टरच्या डब्याला भोकं पाडली तर?

नको. गरम हवा येते, आवाज येतो, पावसात पाणी येतं. आणि भोक फिल्टरच्या नंतरच्या बाजूला पडलं तर गाळणंच संपलं.

पावसाळ्यात पुलावर पाणी असतं. खाली बसणाऱ्या लांब पाईपाचा इनटेक किंवा वर जाणारा स्नॉर्केल, काय चांगलं?

लांब पाईपाच्या इनटेकचा फिल्टर बंपरच्या कोपऱ्यात, चाकाजवळ लटकतो. २०२५ च्या सप्टेंबरात धाराशिव, बीड, लातूरकडे काय पाऊस झाला ते आपण पाहिलंय. गुडघाभर पाण्यात तो फिल्टर बुडतो आणि इंजिन पाणी ओढतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. १२०० सीसीच्या चार सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन वर आला की वर फक्त ३० मिलीच्या आसपास जागा उरते, म्हणजे दोन मोठे चमचे. त्याहून जास्त पाणी एका सिलिंडरमध्ये गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो.

स्नॉर्केलने हवेचं तोंड छताजवळ जातं. पण ते सांधे पक्के असले तरच. आणि दारं, वायरिंग, गिअरबॉक्सचा ब्रीदर पाण्यातच राहतात. पुलावरून पाणी वाहत असेल तर स्नॉर्केल असो-नसो, गाडी घालू नका. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका, ढकलून बाहेर काढा आणि मेस्त्रीला बोलवा. विम्यात इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कलम घेतलं नसेल तर असा खर्च बहुधा नाकारला जातो.

कागदी फिल्टर किती किलोमीटरला बदलायचा? कंप्रेसरने हवा मारून चालतं का?

मॅन्युअलमधला आकडा चांगल्या रस्त्यांसाठी असतो आणि धुळीत लवकर बदला असं तिथेच लिहिलेलं असतं. रोज गावाकडच्या रस्त्याने ये-जा असेल तर मी ५ हजार किलोमीटरला उघडून बघतो आणि १० ते १५ हजारांना बदलतो. हवा मारायचीच असेल तर आतून बाहेर, कमी दाबाने, नळी लांब धरून. जोराच्या हवेने कागदाला डोळ्याला न दिसणारी छिद्रं पडतात. फिल्टरच्या आत मोबाईलचा टॉर्च धरा. कुठे उजेडाचा टिपका दिसला तर तो फिल्टर कचऱ्यात. आणि उगाच आठवड्याला उघडू नका, दर उघडझाकीत थोडी धूळ पलीकडे सांडतेच.

बसवण्याआधी डब्याचा तळ ओल्या फडक्याने पुसा. फडकं पलीकडच्या, स्वच्छ बाजूलाही फिरवा. ते मळलं तर रबर नीट बसत नाही किंवा फिल्टर नकली आहे.

एसीच्या हवेला वास येतो, एअर फिल्टर बदलू का?

तो वेगळा. एसीचा केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. इंजिनाशी त्याचा संबंध नाही.

सीएनजी गाडीला कोन चालेल?

तिथे तर अजिबात नको. सीएनजी वायू स्वतःच हवेची जागा खातो, म्हणून ताकद आधीच कमी असते. त्यात गरम हवा घेतली की आणखी कमी. जुन्या मिक्सरच्या (हवेच्या पाईपातच गॅस मिसळणाऱ्या) किटमध्ये बॅकफायर होऊन, म्हणजे भडका उलटा पाईपात येऊन, फिल्टरचा डबा फुटलेलाही मी पाहिलाय. तिथे प्लग आणि टायमिंग बघा.

आरटीओ पकडेल का? वॉरंटी जाते का?

कंपनीच्या डब्यात दुसरा फिल्टर टाकला तर आरसी बुकातलं काहीच बदलत नाही. पण मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. कलम १८२-अ मध्ये अशा प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे. आवाज आणि धुराच्या नियमभंगाला कलम १९० खाली १० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. बीएस-६ गाडीत हवेचं माप बिघडलं की पीयूसीचे आकडेही बिघडतात. वॉरंटीत असलेल्या गाडीचं इंजिन किंवा टर्बो गेला आणि बोनेटखाली बाहेरचा कोन दिसला, तर सर्व्हिस सेंटरला नाही म्हणायला आयतं कारण मिळतं.

मी आधीच कोन लावलाय. आता काय करू?

घाबरू नका. कोन काढा आणि पाईपात पांढरं फडकं घालून फिरवा. स्वच्छ निघालं तर नशीब चांगलं. मळकं निघालं तर पाईप आणि थ्रॉटल बॉडी साफ करून घ्या, ऑइल आणि ऑइल फिल्टर लगेच बदला, किलोमीटर आरसीच्या पाकिटावर लिहून ठेवा. मग दर हजार किलोमीटरला डिपस्टिक बघा. ऑइल उतरत असेल तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासून घ्या, उशीर करू नका.

कंपनीचा डबा माळ्यावर ठेवला असेल तर खाली काढा. त्याच्या चारही क्लिपा, कडेचं रबर आणि ग्रिलकडे जाणारं तोंड, तिन्ही आहेत का ते तपासा. डबा भंगारात दिला असेल तर त्याच मॉडेलचा जुना चांगला डबा संभाजीनगर किंवा नांदेडच्या जुन्या स्पेअरपार्टच्या बाजारात शोधा, फिल्टर मात्र नवाच टाका. क्लिपा लावल्यावर एकेक बोटाने ओढून बघा. चौथी क्लिप, बॅटरीच्या मागची, हमखास अर्धी लागलेली राहते.